मीटिंगची मिनटं

आधी माफी मागते. माझं शुद्धलेखन कच्चं आहे. पहिली वेलांटी की दुसरी, हे मला चौथीत कळलं नाही आणि पाचवीत मला कोणी पाठवलं नाही, त्यामुळे हाताला येईल ती देते. अक्षरही चांगलं नाही. ओळ डावीकडे नीट सुरू होते आणि उजवीकडे जाता जाता खाली उतरते. घरात आम्ही मले-तुले बोलतो, लिहिताना मी मला-तुला लिहिते, शाळेत तेवढं शिकवलं होतं. ही वही म्हणजे ऑफिसातली जुनी डायरी आहे. पहिली चार पानं लिहून कोणीतरी टाकून दिली होती. कोणाला दाखवायची नाही, तरी माफी मागून ठेवते, कारण आपलं लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती लागलं की काय होतं ते मी पाहिलं आहे. तेच लिहिते.

आम्ही गोंदियाकडचे. लग्न होऊन मी भिलाईला आले. नवरा मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे आहे. मी इंडस्ट्रियल एरियात एका छोट्या फॅक्टरीच्या ऑफिसात झाडू-पोछा करते, पाणी भरते आणि फायली या टेबलावरून त्या टेबलावर नेते. आमच्या फॅक्टरीत लोखंडी रोलर बनतात, ज्यांच्यावरून पट्टा फिरतो आणि पट्ट्यावरून माल जातो. हे मला मीटिंगमध्ये ऐकून कळलं. मीटिंगमध्ये रोलरचा विषय फारसा निघत नाही, पण वर्षभर उभं राहिलं तर कधीतरी कानावर पडतो.

मला बोलायची लाज वाटते. दुकानदार दहा रुपये परत द्यायला विसरला तर मी तशीच घरी येते. नवरा म्हणतो, तुझ्यामुळे भिलाईतले अर्धे दुकानदार सुधारले. हे इथे सांगून ठेवते, म्हणजे पुढचं समजेल.

मीटिंग दर सोमवारी अकराला. शनिवारीच दारावर कागद लागतो, त्यावर विषयांचे नंबर असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. पहिला पॉइंट कायम तोच, मागच्या मीटिंगचं वाचन. दुसराही तोच, मागच्या मीटिंगमध्ये ठरलेली कामं का झाली नाहीत. या दोघांत बारा वाजतात. तिसऱ्या पॉइंटला चहा येतो. चौथ्याला साहेबांना फोन येतो. पाचव्या पॉइंटपर्यंत पोचलेली मीटिंग मी पाहिली नव्हती.

टेबलाभोवती खुर्च्या बारा, पण बोलणारे चारच. एक मोठे साहेब, मॅनेजर. ते वाईट नाहीत, फक्त प्रत्येक गोष्टीवर "देखते हैं" म्हणतात आणि बघत नाहीत. दुसरे स्टोअरचे साहेब, ज्यांचा गुडघा दुखतो. तिसऱ्या मॅडम, रायपूरहून आलेल्या, भरती आणि सुट्ट्या बघतात. चौथे अकाउंटचे भाऊ. ते भंडाऱ्याकडचे, आमच्या बोलीत बोलतात, मला काकू म्हणतात. ऑफिसात बाकी सगळे मला मौसी म्हणतात. शिवाय एक बाबू कोपऱ्यात बसून सगळं लिहून घ्यायचे.

आधी चहा बाहेरच्या टपरीवरून यायचा. मग एका सोमवारी ठरलं की टपरीचा चहा महाग पडतो, चहा ऑफिसातच करायचा. त्या वर्षात ठरलेली आणि खरंच झालेली ही एकच गोष्ट, कारण ती मला करायची होती. स्टोव्ह आला, पातेलं आलं. दूध, साखर, पत्ती, बिस्किटं यांच्या पैशाचं मी विचारलं नाही. साहेबांनीच आपणहून सांगितलं की सध्या तुम्ही आणा, पुढच्या मीटिंगमध्ये पास करून टाकू. दारावरच्या कागदावर नवा पॉइंट आला, दूध-पत्ती का बिल. नंबर नऊ.

आता बघा काय झालं. नऊ नंबर यायला मीटिंग व्हायला पाहिजे. मीटिंग व्हायला चहा पाहिजे. चहाला माझे पैसे. म्हणजे माझे पैसे मिळायची वाट जितकी बघायची, तितके ते वाढणार. मी चौथी शिकले तरी एवढा हिशोब मला येत होता. चहा पातळ करून पाहिला, तर पुढच्या सोमवारी चहाची क्वालिटी हा सहा नंबरचा पॉइंट झाला आणि माझा नंबर नऊचा दहा झाला. मग पुन्हा घट्ट करायला लागले. तेव्हा सहा नंबर गळला आणि मी परत नवावर आले.

भाऊंना एकदा जिन्यात विचारलं. हळूच, कोणी नसताना.

"काकू, माझ्या हातात असतं तर आजच दिलं असतं," ते म्हणाले. "पण सँक्शन मीटिंगमधून होते. मी तुमचा पॉइंट दर वेळी लिहून राहिलो ना कागदावर."

"पण तो येऊन नाही राहिला, भाऊ."

"येईन. लाइनीत आहे."

माझा पगार घरात पुरत नाही, त्यात हे दूध. म्हणून मी माझ्या जाऊकडून पैसे घेतले. आधी दोन हजार, मग आणखी एक. ती बोरसीला राहते, स्वतःच्या घरात. तिथे जायला दोन ऑटो बदलावे लागतात आणि तिच्या पायरीशी पोचेपर्यंत माझं धैर्य पहिल्याच ऑटोत राहून जातं. तिने पैसे दिले, पण उगीच दिले नाहीत. म्हणाली, "तू आफिसात काम करून राहिली, का आफिस पोसून राहिली?" आणि मग तिच्या मुलीचं, माझ्या पुतणीचं, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं. दिवाळीनंतरच्या रविवारी. गोंदियाकडचे सगळे येणार होते. जाऊ म्हणाली, "साक्षगंधाच्या आधी आणून दे. नाही तर नको येऊ, मले घेणं-देणं सगळ्यायसमोर काढा लागन."

ती काढेल, हे मला माहीत होतं. हसत हसत काढते, त्यामुळे कोणाला राग धरता येत नाही. आणि ही पुतणी तर लहानपणी तीन वर्षं माझ्याकडे राहिलेली, तिची पहिली वेणी मी घातली. तिच्या साक्षगंधाला जायचं की नाही, हे आता फॅक्टरीतला नऊ नंबरचा पॉइंट ठरवणार होता. दिवाळीला पाच सोमवार उरले होते. मीटिंगच्या भाषेत पाच सोमवार म्हणजे काहीच नाही.

त्यातच मॅडम ट्रेनिंगला जाऊन आल्या. मीटिंग कशी घ्यावी याचं ट्रेनिंग असतं म्हणे, दोन दिवस, हॉटेलात, जेवणासकट. आल्या त्या सुधारणा घेऊनच. भिंतीवर रंगीत कागद लागला. वेळेवर सुरू करा, मोबाईल बंद ठेवा, विषय सोडून बोलू नका, आणि शेवटी कोण काय करणार ते ठरवून उठा. कागद मला आवडला. त्यातलं काही चुकीचं नव्हतं. फक्त तो कागद कोणत्या भिंतीवर लावायचा, यावर एक सोमवार गेला.

पुढच्या सोमवारी मॅडम म्हणाल्या की उभ्याने मीटिंग घेतली तर लवकर संपते. मी बाराच्या बारा खुर्च्या उचलून बाहेर व्हरांड्यात नेल्या. दहा मिनिटांत स्टोअर साहेबांनी गुडघ्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्यापुरती एक खुर्ची आत आणली. ते बसले म्हणून साहेबही बसले, साहेब बसले म्हणून सगळे बसले. मी बाराच्या बारा खुर्च्या पुन्हा आत आणल्या. मीटिंग लवकर कशी संपवावी या विषयावरची ती मीटिंग जेवणाच्या सुट्टीनंतरही चालली. दोनदा चहा झाला.

तीन सोमवार उरले. त्या दिवशी बाबू आले नाहीत, गावी गेले होते, दोन आठवड्यांसाठी. लिहिणार कोण, यावर बोलणं सुरू झालं. भाऊंचे हात हिशोबात होते, बाकीच्यांचे मोबाईलवर. स्टोअर साहेब हसून म्हणाले, "मौसी को दे दो, वो तो खाली खड़ी रहती है." मी ट्रे घेऊन उभी होते, त्याला ते रिकामं उभं राहणं म्हणाले. मला वाटलं चेष्टा आहे. पण मॅडमना वाटलं ती चांगली कल्पना आहे. त्यांच्या ट्रेनिंगमध्ये म्हणे सांगितलं होतं की जो चर्चेत नसतो त्याने लिहावं.

"मौसी, आप मिनट लिख लेना," त्या म्हणाल्या. "कच्चा ही सही. मैं बाद में फेयर कर लूँगी."

एक वही, एक पेन आणि पॉइंटांचा कागद माझ्या हातात आला. कसं लिहायचं ते विचारायची मला लाज वाटली. आणि विचारायचं तरी काय होतं. मिनट म्हणजे मिनट. भिलाईत आम्हाला मिनटं शिकवावी लागत नाहीत. पंच मारायला पाच मिनट उशीर झाला तर नवऱ्याची अर्धी हजेरी जाते. मला वाटलं, मॅडमनी वेळेवर सुरू करा असं भिंतीवर लावलं आहे, म्हणजे आता कशाला किती वेळ लागतो ते त्यांना बघायचं असेल. भिंतीवर घड्याळ होतं. मी घड्याळ बघून लिहायला लागले. बाबू तास-तास मान खाली घालून हेच लिहीत असतील आणि म्हणून त्यांना चष्मा लागला असेल, असंही मनात आलं.

खूप मन लावून लिहिलं. चौथीच्या परीक्षेनंतर मी कधी असं काही लिहिलं नव्हतं. एकही गोष्ट सोडली नाही. वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती उघडली नाही, कारण मंगळवारी त्यांची दुसरी मीटिंग होती.

पुढचा सोमवार आला. आता साक्षगंधाला दोन आठवडेही पूर्ण नव्हते. पहिला पॉइंट, मागच्या मीटिंगचं वाचन. मॅडमनी वही सरळ साहेबांपुढे सरकवली. साहेब दर वेळी जसं वाचतात तसंच, आधी न बघता, मोठ्याने वाचायला लागले. माझं मराठी होतं, पण अक्षरं तीच, आणि भिलाईत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला एवढं मराठी कळतं.

मी जे लिहिलं होतं ते असं.

मीटिंग अकराची, सुरू अकरा वीसला. वाट बघणे, वीस मिनट. मागचं वाचणे, चौदा मिनट. साहेबांना घरून फोन, गॅसची टाकी, सहा मिनट. एसीचं रिमोट शोधणे, अकरा मिनट. स्टोअर साहेबांचा गुडघा, आठ मिनट. चहा, बारा मिनट. पुढची मीटिंग सोमवारी की मंगळवारी, अठरा मिनट. ठरलं, सोमवारी. मॅडमनी भिंतीवरचा कागद वाचून दाखवला, सात मिनट. रोलर, चार मिनट. संपली बारा चाळीसला. पॉइंट पाच, शून्य मिनट. पॉइंट सहा, शून्य मिनट. पॉइंट सात, शून्य मिनट. पॉइंट आठ, शून्य मिनट. पॉइंट नऊ, शून्य मिनट.

गॅसच्या टाकीपर्यंत साहेबांचा आवाज मोठा होता. गुडघ्यापाशी हळू झाला. शेवटचे शून्य त्यांनी मनातच वाचले, पण ओठ हलत होते. भाऊंनी रुमाल तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मला एवढंच कळलं की मी काहीतरी भयंकर केलं आहे आणि काय केलं आहे ते कळत नाही. नोकरी गेली तर जाऊचे तीन हजार कुठून द्यायचे, हे मी तिथे उभ्या उभ्या मोजत होते.

"ये किसने लिखा?" साहेबांनी विचारलं.

मॅडम लाल झाल्या. त्यांनी मिनट्स लिहायला सांगितलं होतं, असं त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं. आता सगळेच माझ्याकडे बघत होते. त्या खोलीत इतकी वर्षं मी उभी होते, पण तिथे कोणी माझ्या उत्तराची वाट बघतं आहे असं कधी झालं नव्हतं. माझ्या तोंडून आवाज निघाला तो माझाच होता हे मला नंतर कळलं.

"मिनट बोले थे, साहब. मिनट लिखी."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. साहेबांनी वही पुन्हा डोळ्यांजवळ नेली. रागावले की नाही ते दिसेना. मग म्हणाले, "ये नंबर नौ क्या है?"

भाऊंनी रुमाल खाली घेतला आणि सांगितलं. दूध, साखर, पत्ती, बिस्किट. किती महिन्यांचं, तेही सांगितलं. साहेबांनी रक्कम विचारली. मी चार हजार दोनशे साठ म्हटलं, दुसऱ्या कोणाचे सांगावे तसं. हिशोबाची चिठ्ठी ब्लाऊजमध्येच होती, दर सोमवारी नेत होते.

स्टोअर साहेब खाकरले. नियमाप्रमाणे तीन दुकानांचे भाव मागवायला पाहिजे होते, असं त्यांनी सुरू केलं. ते बोलत होते आणि सगळे घड्याळाकडे बघत होते. स्टोअर साहेबांनीही बघितलं. आणि मग, गुडघा चोळत, ते मधेच थांबले. वाक्य अर्धंच राहिलं. माझ्या माहितीत पहिल्यांदा.

"पास," साहेब म्हणाले. "मौसी, कितना हुआ?"

मी घाबरत म्हटलं, "तीन मिनट."

"लिखो."

साहेबांनी वही माझ्याकडे सरकवली. मी लिहिलं.

पास होणं आणि पैसे मिळणं यांत अंतर असतं हे मला त्या दिवशी कळलं. भाऊंनी दुपारी दोन हजार दिले, पेटीत तेवढेच होते. बाकीच्यांना पक्कं बिल लागणार होतं. आमचा दूधवाला अहिवाऱ्याकडून येतो, सायकलला दोन कॅन लावून. त्याला मी बिल मागितलं. "दूध तो सब पी डारिन," तो म्हणाला, "अब बिल काबर चाही?" दूध सगळे पिऊन बसले तर आता बिल कशाला, या त्याच्या म्हणण्यात चूक नव्हती. शेवटी एका जुन्या कॅलेंडरच्या मागे मीच सगळं लिहिलं आणि त्याने खाली अंगठा उठवला. माझ्याहून कमी शिकलेला माणूस मला पहिल्यांदा भेटला, म्हणून मी त्याला ते सगळं वाचून दाखवलं.

मिळालेले दोन हजार घेऊन मी बोरसीला गेले. जाऊने हात लावला नाही. "अर्धेमुर्धे घेऊन मी काय करू? सगळे आण, एकाच वेळी," म्हणाली. ते पैसे मी तसेच परत आणले आणि डाळीच्या डब्यात ठेवले. जाऊची मीटिंग एका वाक्यात संपते.

पुढच्या सोमवारी बाबू अजून गावीच होते, म्हणून वही पुन्हा माझ्याकडे. तो सोमवार बघायला हवा होता. अकराला चार मिनटं असताना सगळे खुर्च्यांवर. साहेबांनी फोन बाहेर ठेवला. स्टोअर साहेब गुडघ्याबद्दल काहीच बोलले नाहीत, फक्त बसताना तोंड वाकडं केलं, आणि तोंड वाकडं करण्याचे मी मिनट धरले नाहीत. कोणी जास्त बोलायला लागलं की बाकीचे माझ्या पेनाकडे बघायचे. पाचवा पॉइंट आला. मला वाटलं चुकून आला. सहावा आला. पस्तीस मिनटांत सगळे पॉइंट संपले आणि मग सगळे एकमेकांकडे बघत बसले, कारण बारा वाजायला वेळ होता आणि कोणाला काय करायचं ते सुचत नव्हतं.

एवढ्यावर सगळं सुधारलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मीटिंग संपल्यावर तेच चौघे व्हरांड्यात उभे राहिले आणि गॅसची टाकी, गुडघा, रिमोट, सगळं तिथे बोलून झालं, पाऊण तास. तिथे वही नव्हती. जाता जाता स्टोअर साहेब माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मौसी, मेरे वो आठ मिनट थे ना, उसमें पाँच कर दो." मी म्हटलं लिहून झालं आहे. ते म्हणाले, सहा करा. साहेबांनाही एक हरकत होती. गॅसच्या टाकीचा फोन कामाच्या मिनटांत धरावा, असं त्यांचं म्हणणं होतं, टाकी नसती तर ते उपाशी आले असते. मी दोघांचंही ऐकलं नाही. ऐकलं नाही म्हणजे नाही म्हटलं असं नाही. मान हलवली आणि गप्प राहिले, मला तेवढंच येतं.

मग बाबू गावाहून आले आणि वही त्यांच्याकडे गेली. त्यांनी मागचं पान वाचलं आणि मला बाजूला बोलावून विचारलं की हे काय लिहून ठेवलं आहे. तिथे भाऊही होते. त्यांनीच मला समजावून सांगितलं की मीटिंगची मिनट्स म्हणजे कोण काय बोललं आणि काय ठरलं ते लिहायचं असतं.

"मग त्यात मिनट कुठी असते?" मी विचारलं.

"नसते, काकू."

"मग त्याले मिनट कावून म्हणते?"

भाऊंनी बाबूंकडे बघितलं, बाबूंनी चष्मा पुसला. पुढच्या सोमवारपासून मीटिंग पुन्हा साडेअकराला सुरू व्हायला लागली आणि चौथ्या पॉइंटला थांबायला लागली. फक्त चहाचे पैसे मात्र आता मला दर आठवड्याला आधीच मिळतात. साहेबांनी तसं सांगून ठेवलं. नवव्या नंबरला परत काही लिहायला नको, असं त्यांना वाटलं असेल.

उरलेले दोन हजार दोनशे साठ साक्षगंधाच्या आदल्या दिवशी मिळाले, शनिवारी, दुपारी. अंगठा चालतो की नाही हे ठरायला तेवढे दिवस लागले. भाऊंनी सही घेतली. मी माझं पूर्ण नाव लिहिलं, वेलांटी कोणती आली ते पाहिलं नाही.

घरी जाऊन डाळीच्या डब्यातले काढले, नव्यांत मिसळले, तीन हजार वेगळे बांधले आणि दोन ऑटो बदलून बोरसीला गेले. अंगणात मांडव घालत होते. गोंदियाकडचे पाहुणे आले होते, ओसरीवर बसले होते, आणि जाऊ त्यांच्यामध्येच होती. मी तिला आत बोलवायचा विचार करत होते, कारण सगळ्यांसमोर द्यायची मला लाज वाटत होती. तिने मला दुरूनच पाहिलं आणि उठून स्वतःच आत आली. स्वयंपाकघरात पुतणी मेंदी वाळवत बसली होती, दोन्ही हात हवेत धरून. तिने मला बघून हाक मारली, पण हात हलवता येत नव्हते.

जाऊने पैसे मोजले. दोनदा मोजले.

"पूर्ण आहे," ती म्हणाली.

"पूर्ण आहे," मी म्हटलं.

"इतके दिवस कावून लागले तुले?"

मी सांगायला सुरुवात केली. पॉइंट, नऊ नंबर, खुर्च्या, घड्याळ. पुतणीला हसू आवरेना, मेंदी पुसेल म्हणून तिने हात आणखी वर धरले. जाऊ हसली नाही. नोटा तिने पदरात बांधल्या, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाली की माझं काही देणं राहिलं नाही, आता बाहेर चल आणि पाहुण्यांजवळ बस.